चांदीसकट वजन

महिन्यातून एकदा अंगणवाडीची बाई आमच्या जूचंद्र गावात देवळामागच्या खोलीत पोरांची वजनं करायची. वाशाला काटा टांगलेला, काट्याला कापडाची झोळी. ती झोळी धुतलेली मी कधी पाहिली नाही. एखाद्या पोराने मुतलं की बाई ती उलटी करून झटकायची आणि पुढचं पोर आत. माझी मुलगी झोळीचा पट्टा तोंडात घालायची आणि मला किळस यायची. पण चारचौघींत तोंड उघडायची मला लाज. पट्टा काढायचा, पदराने तिचं तोंड पुसायचं, एवढंच करायचे.

त्याहून जास्त किळस यायची दुसऱ्याच गोष्टीची. आमच्याकडे मूल उघड्या अंगाने काट्यावर घालत नसत, नजर लागते म्हणून. त्या दिवशी सासूबाई पेटीतलं सगळं काढायच्या. पायांत चांदीचे जाड वाळे, हातांत कडी, कमरेला साखळी, वर लोकरीचं झबलं आणि टोपी. सगळ्या घरांतली पोरं अशीच नटून येत. बाई चांदीसकट वजन लिहायची. कार्डावरची रेघ वर चढायची आणि सासूबाई ते कार्ड शेजारणींना दाखवत हिंडायच्या.

अंघोळ घालताना मला दिसायचं ते वेगळंच. नऊ महिने झाले तरी बसत नव्हती. मांडीची कातडी सैल लोंबायची. वाळे पायातून निसटायचे, म्हणून सासूबाई त्यांना आतून चिंध्या गुंडाळायच्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कार्डावर बरी आहे ना? मग झालं."

दहाव्या महिन्यात आमची पाळी आली तेव्हा मी खाली बसले आणि साखळी सोडली. मग कडी, मग वाळे. चिंध्यांना आंबूस वास येत होता.

"काय करतेस? सगळ्यांसमोर उघडी पाडतेस पोरीला?" सासूबाई म्हणाल्या.

"चौथी पास हाय तुमची सून, तिला कोन सांगनार?" मागून एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

मी झबलंही काढलं. काट्यावर मागच्या महिन्यापेक्षा पाऊण किलो कमी भरलं. अंगणवाडीची बाई पानाने लाल झालेले दात दाखवत हळूच म्हणाली, "घाल गं परत. एवढी खाली लिहिली तर वरून मला विचारतील. तुलाही वसईच्या दवाखान्यात हेलपाटा."

तिला सगळं ठाऊक होतं. मला तिची शिसारी आली, आणि माझीही. वाळ्यांतल्या त्या चिंध्या मीच तर दर महिन्याला धुऊन वाळत घालत होते.

"लिहा," मी म्हटलं. "नेते मी वसईला."

सासूबाई चांदी पदरात घेऊन एकट्याच घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिलं, मुलीला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"हे कार्ड हिचंच आहे?"

मी मान डोलावली. मग विचारलं नसतानाही चांदीचं सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि नर्सला खाट रिकामी करायला सांगितली.

आम्ही तिथे सतरा दिवस राहिलो. मुलगी वाचली. पहिलं पाऊल टाकलं ते मात्र दोन वर्षांची होऊन गेल्यावर.