तशी रिकामीच हाय

शाळेतून घरी आले तेव्हा माझ्या खोलीत एक अनोळखी माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. एक टाळी वाजवायची, मान तिरकी करून ऐकायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा टाळी. माझ्या पलंगावर त्याची बॅग होती, बॅगेखाली माझी सकाळी घडी घालून ठेवलेली साडी. भाऊ खिडकीत मोजायची टेप धरून उभा होता.

"रूम एक नंबर आहे," तो माणूस म्हणाला. "आवाज घुमतोय, पण ते कार्पेट लावलं की जाईल. फक्त दोन्ही खिडक्या बंद कराव्या लागतील." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मॅडम राहतात का इथं?"

"न्हाय," भाऊ म्हणाला. "तशी रिकामीच हाय."

मी दारात होते. खांद्याला पर्स, हातात सहावी-ब च्या वह्यांचा गठ्ठा. समोर माझं कपाट, माझ्या पगारातून घेतलेलं टेबल, दोरीवर माझा टॉवेल. हे सगळं त्या खोलीत असताना ती रिकामी होती.

आमचं घर भिवंडीजवळच्या काल्हेरचं. आजोबांच्या वेळी भातशेती होती, थोडी मासेमारीही. माझं लग्न झालं तोवर शेताच्या जागी गोदामं उभी राहिली होती आणि भाऊ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पडला होता. त्याच सुमारास हा बंगला बांधला. दोन वर्षांनी मी सासरहून परत आले. का आले ते सगळ्यांना ठाऊक होतं. वडील स्वतःच मला आणायला आले होते, माझ्या गालावरचा वळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. वरची खोली मिळाली, बीएड पुरं केलं, भिवंडीतल्या शाळेत लागले. खाडीकडची खिडकी उघडली की संध्याकाळी वारा यायचा आणि मी तिथं वह्या तपासत बसायचे. पाच वर्षं गेली. ही खोली माझी आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

रात्री जेवताना भावाने सगळ्यांना बेत सांगितला. ठाण्याला त्याच्या कुणा पार्टनरकडे होम थिएटर पाहिलं होतं. भिंतभर पडदा, चारी बाजूंनी स्पीकर, टेकून बसायच्या गुबगुबीत खुर्च्या. बोलताना तो लहान मुलासारखा खूश होता. त्याची दोन्ही मुलं टाळ्या पिटत होती.

"मी कुठं जाऊ?" मी विचारलं.

"आयेच्या खोलीत. एका मानसाला कितीक जागा लागतंय?"

"मग खालची पाहुण्यांची खोली घे ना."

"अन् पाव्हणे आले म्हंजे?"

पाहुण्यांच्या खोलीला कुलूप असायचं. लग्नकार्य किंवा गणपती असला तरच ते निघायचं. न आलेल्या पाहुण्यांना घरात जागा होती. मी वडिलांकडे पाहिलं. ते कालवणात भात कालवत राहिले. "हौस हाय पोराची. होऊ दे," एवढंच म्हणाले आणि वहिनीकडे आणखी भात मागितला.

मी ताट तसंच ठेवून उठले. मागून आई वर आली, पलंगावर बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"बाय, भावाशी वाकडं घेव नको. उद्या आमच्या मागं तोच हाय तुला."

"तो आता तरी आहे का?"

"असं बोलू नये गो."

तिचा हात मी झटकला. राग भावाचा होता, पण हात आईचा झटकला गेला. ती चादर सारखी करून खाली गेली, तेव्हा तर मला आणखीच चीड आली. या घरात कुणाला ओरडायचंच माहीत नव्हतं. गोड बोलून, पाठीवर हात फिरवून सगळं काढून घेतलं जात होतं.

रविवारी खिडक्या बुजवायला गवंडी आले. मी खाडीकडच्या खिडकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्रीने घमेलं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"ताई, जरा सरकता का?"

"नाही."

तो खाली जाऊन भावाला घेऊन आला. भावाने आधी हसून पाहिलं. मग हसू गेलं.

"उठ. मानसांसमोर तमाशा करू नको."

"ही खोली रिकामी आहे असं तू माणसांसमोरच सांगितलंस."

"अगं, तसं बोलतो मानूस."

"तसं म्हणजे कसं? मी इथं राहते. माझी खोली आहे ही."

"तुझी?" त्याचा आवाज चढला नाही. तो अगदी समजावल्यासारखं बोलला. "तुझं घर ते सासरचं होतं. ते तू सोडून आलीस. आमी तुला कवा काय बोललो का?"

मिस्त्री खाली बघत होता. जिन्यात वहिनी थांबल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. दारामागे वडीलही होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज आला होता. ज्यांनी वळ पाहिला होता, ते एक शब्द बोलले नाहीत.

मी उठले. भावाला वाटलं, मी ऐकलं. "तसं न्हाय गो, आपलंच घर हाय," असं काहीतरी तो म्हणत राहिला. त्याच्या एका वाक्याने माझी पाच वर्षं उपकाराच्या खात्यात गेली होती. मी चहा करून दिला, मुलांचे अभ्यास घेतले, आईच्या दुखण्यात रात्री जागले, सणावाराला अख्खं घर पुसून काढलं, ते सगळं त्याच्या लेखी आसरा दिल्याची परतफेड होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सरळ विचारलं, कुणाच्या माहितीत भाड्याची जागा आहे का. भिवंडीतच, टेमघरला एक वन-रूम-किचन निघालं. घरमालकाने पहिला प्रश्न केला, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं, मिस्टर नाहीत. तो म्हणाला, मग विचार करून सांगतो. आमच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः त्याच्याकडे गेल्या. त्याला काय म्हणाल्या ते मला कधी कळलं नाही, पण चावी मिळाली.

सामान हलवायच्या दिवशी भावाने त्याचा टेम्पो आणि ड्रायव्हर दारात उभा करून ठेवला होता. हे त्याचं प्रेम होतं, खरंच होतं, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. मी नाक्यावरून दुसरा टेम्पो बोलावला. आई ओट्यावर येऊन म्हणाली, "लोक काय म्हनतील?"

"लोकांना होम थिएटर दाखव," मी म्हटलं.

टेमघरच्या खोलीच्या मागे कापडाच्या लूमचा कारखाना होता. दिवसभर खटखट चालायची आणि लाइट गेली की एकदम थांबायची. सुरुवातीला मी भांडी आपटून कामं करायचे. शेजारची बाई एकदा दारात येऊन विचारून गेली, "सब ठीक है ना, टीचर?" मी ठीक आहे म्हटलं आणि दार लावून पातेलं आपटलं.

भाऊबीजेला गेले. गेले नसते तर आईच्या जिवाला लागलं असतं. ओवाळून झाल्यावर मुलं हाताला धरून वर घेऊन गेली. भिंतींना मरून रंगाचं कापड, छताला चांदण्यांसारखे बारीक दिवे, दोन रांगा खुर्च्यांच्या. दार लावलं की बाहेरचा ट्रकचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हता. खिडकी होती तिथं मी हात लावला. मऊ लागलं.

मला मनापासून वाटत होतं, ते सगळं फसलेलं असावं. आवाज फाटावा, भिंतीला ओल यावी. तसं काही नव्हतं. वडिलांना अलीकडे कमी ऐकू यायचं. ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि पडद्यावरचं बोलणं त्यांना स्वच्छ कळत होतं. विनोदावर ते सगळ्यांबरोबर हसले. एरवी ते दोन मिनिटांनी, दुसऱ्यांचं बघून हसायचे. त्यांचं ते हसणं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कसं झालंय?" भावाने उत्सुकतेने विचारलं.

"खोली आधीपासूनच चांगली होती," मी म्हटलं. तो हसला. त्याला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून भिवंडीत आली आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. सोबत भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. खोलीभर फिरली. कपाट उघडून बघितलं, मोरीत डोकावली, माझ्या टेबलापाशी बसली.

"मला कंदी अशी एकलीची खोली न्हवती गो," ती म्हणाली. "म्हून तेवा मला समजलाच न्हाय, तू एवढी कशाला रडतंस."

"मी रडत नव्हते. चिडले होते."

"हां. तेच."

ती चार दिवस राहिली. चौथ्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला. एकच खुर्ची होती, तिच्यावर आई. तो दाराशीच घुटमळला.

"गच्चीवर तुला खोली बांधतो," तो मला म्हणाला. "खिडक्या पायजेल तेवड्या ठेव."

"नको."

"अजून राग हाय?"

"हाय."

आईने या वेळी भावाशी वाकडं घेऊ नको म्हटलं नाही. ती भाकरीचं फडकं झटकून घडी करत राहिली. मी चहा टाकला. भावाने उभ्यानेच प्यायला आणि गाडी काढायला खाली गेला.

त्यानंतरही मी दर भाऊबीजेला काल्हेरला जाते. त्याला ओवाळते, तो मनापासून पाया पडतो, जेवून निघते. जिन्याकडे वळत नाही. मुलं आता बोलावत नाहीत. लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी माणसाने विसरावं. ज्यांना कुणी आपल्याच घराच्या मोजणीतून वगळलेलं नाही, ते असं म्हणतात. माझा राग मी जपून ठेवलेला नाही. तो जायला तयार नाही, आणि त्याला हाकलायची घाई मलाही नाही.