कवीने अर्ज केलेला नाही

माझी बायको भवानी पेठेतल्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, हे तिचं काम. तिथल्या सेविकाबाई यंदा निवृत्त होणार होत्या. ती जागा हिला मिळण्यासारखी होती, फक्त बारावी पाहिजे. सतरा नंबरचा फॉर्म भरून हिने बाहेरून परीक्षा दिली, बाकीचे विषय काढले आणि इंग्रजीत अडकली. आता जुलैची फेरपरीक्षा. त्यात गेली, की जागाही गेली.

शिकवणार मी. आमच्या नात्यागोत्यात इंग्रजी म्हटलं की माझं नाव निघतं. मिक्सरच्या वॉरंटीपासून भाच्याच्या नोकरीच्या पत्रापर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. कारण एवढंच, की मी कचेरीत इंग्रजी पत्रं लिहितो. लिहितो म्हणजे फाइलीतलं जुनं पत्र काढतो आणि नाव, तारीख बदलतो. सगळी नोकरी यावर निघाली, कुणाची तक्रार नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिने पुस्तक पुढ्यात ठेवलं. कवितेचं रसग्रहण करा. कवी भरलेल्या तळ्याकाठी बसलाय आणि उदास आहे.

“का उदास हाय?”

“कवी असतात तसे.”

“अहो, पण तळं भरलंय की. आमच्या गावात तळं भरलं तर लोक नारळ फोडतात. ह्याला कशाचं दुखणं?”

“ते परीक्षेत विचारत नाहीत,” मी म्हणालो. खरं तर तेच विचारत होते.

मग मला जे जमतं ते मी केलं. सगळ्या कवितांना चालेल असा एक मसुदा तयार केला. कवितेच्या आणि कवीच्या नावाला तेवढी मोकळी जागा सोडली. बायकोने तो भांडी घासताना पाठ केला, खिचडी ढवळताना पाठ केला. अंगणवाडीतली दोन पोरं तिच्या मागोमाग ‘विथ रेफरन्स टू’ म्हणायला लागली. मला कोण अभिमान.

जिथून फॉर्म भरला होता, त्या कॉलेजातल्या सराव परीक्षेचा पेपर परत आला. तिथल्या इंग्रजीच्या सरांनी उत्तरावर लाल शाईने आडवी रेघ ओढून खाली मराठीत लिहिलं होतं, ‘कवीने कसलाही अर्ज केलेला नाही.’ मी पुन्हा वाचलं. माझ्या मसुद्यात शेवटी खरोखरच मंजुरी मिळावी अशी विनंती होती. सवयीने हात तिकडेच गेला होता.

परीक्षा आठवड्यावर आली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, “तुमाला येतं का न्हाय?”

“येतं. म्हणजे, कचेरीपुरतं.”

“मग आधीच बोलायचं की. सरांकडं शिकवणी लावली असती.”

मी मोबाइल घेऊन बाहेर जाऊन बसलो.

पुढचे दिवस मी मोबाइलवर व्याकरणाचे व्हिडिओ बघत होतो. एका बाईंनी सांगितलेलं दुसऱ्या व्हिडिओतले सर खोडून काढायचे. मोबाइललाच रसग्रहण लिहायला सांगितलं, तर त्याचं इंग्रजी माझ्या कचेरीतल्या साहेबांपेक्षा अवघड निघालं. बायकोने तिकडे पाठ फिरवली. बारीक बारीक वाक्यं स्वतःच लिहायला लागली आणि मला दाखवेनाशी झाली. दाखवली असती तरी मी काय दुरुस्त करणार होतो?

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आईबापांची गर्दी होती. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “मुलगी का?”

“मंडळी,” मी म्हणालो. ते जरा सरकून उभे राहिले.

पोरापोरींच्या लोंढ्यात ती बाहेर आली, पदर खोचलेला, हातात पॅड.

“कसा गेला?”

“कविता येगळीच आली. नदीची. दोन पानं लिवली, माझ्या मनानं.” तिने प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. “बघा, जमलं असंल का.”

मी पहिला प्रश्न वाचला. परत वाचला. फाइल वाचताना करतो तसा चेहरा केला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“होईन का हो पास?”

“चांगलं लिहिलंयस,” मी म्हणालो.

“माझं लिवलेलं तुमी कुटं वाचलं?” ती म्हणाली, आणि गाडीवर मागे बसली.