साडूभाऊंची खिडकी

उपवास करून वजन वाढवलेला माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, तो सुरतेत गोडादऱ्याला राहतो आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू आहे. हे मी हवेत बोलत नाही. माझा धंदा शिंप्याचा. वजनकाट्यावर माणूस एक हात हळूच भिंतीला लावून लबाडी करू शकतो, डॉक्टरला थापा मारू शकतो, बायकोला तर मारतोच. पण शिंप्याच्या टेपपुढे आजवर कुणाची मात्रा चाललेली नाही. साडूभाऊंच्या पॅंटी मी इतक्या वेळा उसवून सैल केल्या आहेत की त्यातल्या एकीत आता मूळ कापड फक्त खिशापुरतं उरलं आहे.

साडूभाऊ बमरोलीच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्टर आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लूमच्या खडखडाटात बोलण्यात घालवली, त्यामुळे हळू बोलणे नावाचा प्रकार त्यांच्या घशातून कायमचा निघून गेला आहे. एकदा आम्ही दवाखान्यात एका आजारी नातेवाइकाला बघायला गेलो. साडूभाऊ त्याच्या कानाशी वाकून प्रेमानं कुजबुजले, "आता कसं वाटतंय?" तर वरच्या मजल्यावरच्या तीन पेशंटांनी "बरं आहे" म्हणून उत्तर दिलं. आवाज पुढे असतो आणि आवाजाच्याही पुढे पोट. दारात आधी पोट येतं, घरातल्यांची विचारपूस करतं, पाणी वगैरे मागतं आणि मग मागाहून सावकाश साडूभाऊ येतात. जेवावं सुरतेला आणि मरावं काशीला, असं इकडे म्हणतात. साडूभाऊंनी काशीचा कार्यक्रम बेमुदत पुढे ढकलला आणि सुरतेची जबाबदारी एकट्यानं अंगावर घेतली. लोचो म्हणून इथे एक पदार्थ मिळतो. तो खमण व्हायला निघाला होता, वाटेत आळसावला आणि तसाच मऊ लोळागोळा राहून गेला. साडूभाऊंची आणि त्याची मनं फार जुळतात. गाडीवाला विचारतो, "अजून देऊ?" साडूभाऊ म्हणतात, "चालशे." चालशे म्हणजे गुजरातीत चालेल. हा एक शब्द घेऊन हा माणूस गावाहून सुरतेला आला आणि सुखी झाला.

या सुखाला दृष्ट लागली ती जागृतीच्या साखरपुड्यात. जागृती ही साडूभाऊंची एकुलती एक लेक. कापड मार्केटात कॉम्प्युटरवर बसते आणि घरात सगळ्यांना सरळ करते. मुलगा अमरावतीचा, माणसं चांगली. पाटावर बसलेल्या जावयाला कुंकू लावायला साडूभाऊ वाकले. खाली गेले ते गेलेच. वर यायची काही सोय दिसेना. शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांना वाटलं, सुरतेकडे नमस्काराची हीच पद्धत असेल. म्हणून तेही वाकले. समोरचा उठेपर्यंत आपण कसं उठायचं, अशा भिडेनं व्याही वाकलेले, आणि उठता येत नाही म्हणून साडूभाऊ वाकलेले. फोटोग्राफरनं त्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढले. शेवटी मी एका काखेत हात घातला, मांडववाल्यानं दुसऱ्या, आणि आम्ही त्यांना ओढून उभं केलं, तेव्हा मागची शिवण अशी काही फाटली की पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं फटाके लावले असं समजून टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर जागृती म्हणाली, "पप्पा, लग्नात तुम्ही खुर्चीवर बसा. पाय धुवायचे तर मी नवऱ्याला टेबलावर उभं करते."

तिनं चेष्टाच केली होती. पण साडूभाऊंचा चेहरा उतरला. "खुर्चीत बसून कन्यादान करायला मी काय तहसीलदार आहे?" ते म्हणाले. "पाटावर बसणार. मांडी घालून बसणार, माझ्या हातानं पाय धुणार आणि माझा मी उठणार. कुणी काखेत हात घातला तर संबंध तुटले म्हणून समजा." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

मग एके दिवशी मोबाइलमध्ये त्यांना एक पीळदार दंडांचा माणूस भेटला. सोळा तास उपवास करा, उरलेल्या आठ तासांची खिडकी असते, त्या खिडकीत जेवा, पोट आपोआप जाईल, असं तो सांगत होता. साडूभाऊंना हे इतकं पटलं की रविवारी ते माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांना समजावू लागले. "शरीर म्हणजे काय? शरीर म्हणजे लूम. दिवसरात्र चालवलं तर गरम होणारच. थोडं बंद ठेवा, तेल पिऊ द्या, मग बघा कसं कापड निघतं." एक बाई ब्लाउज शिवायला आली होती, ती कापड परत घेऊन उपवास करायला निघून गेली. पुढचा बळी अर्थात मी. "साडूभाऊ, तुम्हीपण धरा," ते म्हणाले, "एकट्यानं उपवास केला की भूक लागते." त्यांच्या मते खिडकी ही खरीखुरी पाहिजे, नाहीतर शिस्त राहत नाही. म्हणून खायची वेळ झाली की ते स्वयंपाकघराची लोखंडी खिडकी धाडकन उघडत आणि गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करत, "उघडली." वेळ संपली की तितक्याच जोरात बंद. आठवडाभरात सगळी गल्ली त्या आवाजावर चालू लागली. समोरची म्हातारी गोळी घेऊ लागली, शेजारचा रिक्षावाला निघू लागला आणि कोपऱ्यावरचं एक कुत्रं उघडल्याच्या आवाजाला येऊन बंदच्या आवाजाला जाऊ लागलं.

माझ्या उपवासाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. मी नुसत्या पाण्यावर राहायचो. सकाळी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना मला त्याच्या खिशातल्या शेंगदाण्याचा वास यायचा. एकदा पिवळं कापड कापता कापता ते मला खमण दिसू लागलं आणि मी त्याचे चौकोनी तुकडे केले. माझ्या पॅंटी सैल झाल्या, गाल आत गेले, बायको म्हणाली की तुमच्यात तुमच्या वडिलांचा फोटो दिसायला लागलाय, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. साडूभाऊ मात्र दर भेटीत ताजे, टवटवीत, हसतमुख. मी विचारायचो, "भूक लागत नाही?" ते म्हणायचे, "छे, भूक कसली? शरीराला सवय लागते. चालशे."

लग्नासाठी त्यांची सफारी मी शिवायला घेतली होती. महिनाभराच्या तपश्चर्येचा हिशेब धरून मी पोटाला कापड कमी ठेवलं. सकाळी फिटिंग दाखवायला घरी गेलो. खिडकी बंद होती, म्हणजे उपवास जोरात चालू होता. आत गेलो तर साडूभाऊ ताटावर बसलेले. ताटात साबुदाण्याची खिचडी, वरईची भगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, आणि ताटाबाहेर, जागेअभावी, केळी.

मी भिंत धरली. "उपवास सुटला का?"

"सुटेल कसा?" ते म्हणाले. "खिडकी बंद दिसत नाही का?"

"मग हे?"

"हे उपवासाचं आहे."

म्हणजे हा गृहस्थ आठ तास जेवत होता आणि उरलेले सोळा तास उपवासाचं खात होता. पूर्वी मधे निदान उसंत असायची, आता दोन्ही पाळ्या भरल्या होत्या. मी म्हटलं, "त्या मोबाइलमधल्या माणसानं साबुदाणा खायला सांगितला होता?"

"तो कशाला सांगेल? ही काय सांगायची गोष्ट आहे? उपवासाला काय चालतं ते तुम्हाला तुमच्या आईनं शिकवलं नाही वाटतं."

आतून ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, कपाळाला हात लावून बाहेर आल्या. "हे म्हणाले उपवास, म्हणून मी उपवासाचं केलं. साबुदाणा भिजवून भिजवून माझी बोटं साबुदाण्यासारखी झाली." सफारी अंगात घातली, तर पहिलं बटण दुसऱ्या काठाला नुसतं लांबून बघू शकलं.

जागृतीनं त्या सकाळी त्यांना समोर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. नुसतं पाणी, फार तर कोरा चहा.

"साबुदाणा नाही?"

"नाही, पप्पा."

"भगर?"

"नाही."

"राजगिरा तर हलका असतो."

"पप्पा."

साडूभाऊंनी हातातला राजगिऱ्याचा लाडू ताटात परत ठेवला. "मग हा उपवास आहे कुठल्या देवाचा?" त्यांनी विचारलं. आणि मग, लग्न जवळ आलं होतं म्हणून असेल, नाहीतर सफारीचं ते बटण जिव्हारी लागलं म्हणून असेल, त्यांनी ताट सारलं आणि स्वतः उठून खिडकीची कडी तपासून आले.

त्यानंतर त्यांनी केलेला उपवास मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सांगतो. लोच्याच्या गाडीसमोरून जाताना ते नाक दाबून जात. गाडीवाला त्यांना आजारी समजून घरी चौकशीला आला आणि येताना लोचो घेऊन आला. तो साडूभाऊंनी कुत्र्याला घातला आणि कुत्रं खाईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. खिडकी आता जागृतीच्या ताब्यात होती. कामावरून आली की ती चप्पल काढता काढता नुसतं म्हणायची, "पप्पा, खिडकी." हा मास्टर, ज्याच्या आवाजाला अख्खं खातं टरकतं, हातातला घास खाली ठेवून उठायचा आणि खिडकी लावायचा.

शिवाय संध्याकाळी सराव. पाट मांडायचा, परात ठेवायची, ताईंनी तांब्यातून पाणी सोडायचं, साडूभाऊंनी मांडी घालून पाय धुवायचे आणि उठायचं. आता पाय कुणाचे, तर माझे. दिवसभर शिलाई मशीन मारलेले ते पाय त्यांनी इतके दिवस इतक्या निष्ठेनं घासले की शेवटी शेवटी माझ्या टाचा माझ्याच आहेत यावर मला विश्वास बसेना. पहिल्या दिवशी उठताना ते माझ्यासकट परातीत पडले. मग गुडघा धरून उठू लागले, मग जमिनीला हात टेकून. हात न टेकता मात्र लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत एकदाही जमलं नाही. त्या दिवशी मी सफारी घेऊन गेलो. पोट थोडं उतरलं होतं, पण शिवणीत मी भरपूर कापड सोडून ठेवलं होतं. शिंप्यानं आशा धरावी, भरवसा धरू नये.

लग्नाच्या दिवशी तर आमच्यात आईबापांना कन्यादान होईपर्यंत उपवासच असतो. आणि नेमकी वऱ्हाडाची बस पलसाण्याजवळ पंक्चर होऊन थांबली. मुहूर्त टळत चालला, आचारी भटारखान्यातून डोकावून जाऊ लागला. ताईंनी दूध घेतलं, केळं खाल्लं. मी साबुदाणावड्याची बशी घेऊन साडूभाऊंकडे गेलो. म्हटलं, "आजचा उपवास आपला नेहमीचा आहे. आज हे शास्त्राला धरून आहे. घ्या."

त्यांनी वड्याकडे जुन्या मित्राकडे बघावं तसं पाहिलं. "आज नको," ते म्हणाले. "पाटावर बसून होऊ दे. मग बघू."

वऱ्हाड आलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि भटजींनी आईबापांना पाटावर बोलावलं. मी नजर चुकवून मागे उभा राहिलो, हात तयार ठेवून. साडूभाऊ कशालाही न धरता खाली बसले. मांडी घातली. शिवण गप्प राहिली. मी आयुष्यात इतका देव आठवला नव्हता. ताईंनी पाणी सोडलं आणि त्यांनी जावयाचे पाय धुतले. पण सराव माझ्या पायांवर झालेला, त्यामुळे सवयीनं टाचा अशा खसाखसा घासल्या की बिचारा जावई गुदगुल्यांनी मंडपात खिदळू लागला. मग जागृतीची ओंजळ त्याच्या ओंजळीवर ठेवून साडूभाऊंनी पाणी सोडलं. भटजी म्हणाले, "झालं. उठा."

ताई उठल्या. नवरानवरी होमाकडे वळली. साडूभाऊ उठेनात. परातीतल्या पाण्यात अक्षता तरंगत होत्या, त्याकडे बघत मांडी घालून बसलेले. भटजींनी पुन्हा म्हटलं, "उठा, यजमान." व्याह्यांना साखरपुडा आठवला असावा, ते वाकावं की काय अशा विचारात पडले. मी आणि मांडववाला दोन बाजूंनी पुढे झालो, संबंध तुटले तर तुटोत म्हणून काखेत हात घालणार, तेवढ्यात साडूभाऊंनी मान वर केली.

"पोटानं नाही धरून ठेवलं हो," ते म्हणाले. "बसू द्या थोडं."

माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा हळू बोलला होता. मी माझे हात मागे घेतले आणि मांडववाल्याला खुणेनं परत पाठवलं. थोड्या वेळानं ते उठले, कुठेही हात न टेकता, एकटे. बघायला मात्र मीच होतो. बाकी सगळे होमाकडे बघत होते.

आता साडूभाऊंचं पोट पुन्हा पूर्वपदावर येऊ लागलं आहे. सफारीच्या शिवणीत सोडलेलं कापड मी दोनदा काढलं. लोचेवाल्याशी सलोखा झाला. रोज संध्याकाळी अमरावतीहून फोन येतो. साडूभाऊंच्या हातात त्या वेळी काही ना काही असतंच. तिकडून आवाज येतो, "पप्पा, खिडकी." साडूभाऊ भरल्या तोंडानं "हो, हो" म्हणतात, उठतात, फोन खिडकीजवळ धरतात आणि अमरावतीला ऐकू जाईल अशी ती धाडकन लावतात. "लावली गं," म्हणतात. समोरची म्हातारी गोळी घेते, कुत्रं उठून जातं. फोन बंद झाला की ते थोडा वेळ कडीवर हात ठेवून उभे राहतात. मग आवाज होऊ न देता खिडकी पुन्हा उघडतात आणि बाहेर बघत बसतात. त्या वेळी मी पुढ्यात बशी सरकवून पाहिली आहे. खात नाहीत.