आप्पांचे डोळे शाबूत होते

माझ्या वडिलांच्या हातातली शिट्टी मी काढून घेतली. गावाने नाही, म्हातारपणाने नाही. मी.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. एकाने तर लिहिलंय, बापाची सेवा करावी तर तुझ्यासारखी.

बाबा रे, ते आधी डिलीट कर. मग हे वाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आप्पा म्हणजे शिराळ्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेतले कुस्तीचे पंच. फौजेतून रिटायर होऊन आले तेव्हापासून. पाठ मातीला लागली की शिट्टी, आणि ती वाजली की विषय संपला. हरणारा पैलवान आमच्या भावकीतला असला तरी.

आणि मी? पुण्यात राहणारा, पिक्चर क्वालिटीतला दीडशहाणा.

ब्लू-रे चांगलं की स्ट्रीमिंग, यावरून मी दोन मित्रांशी बोलणं सोडलंय. मेहुण्याच्या घरी गेलो की चहा यायच्या आत त्याच्या टीव्हीची सेटिंग बदलतो. तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीही सोसलंय.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेतला. भिंतीवर लावला, त्यांना शेजारी उभं करून फोटो काढला आणि इथेच टाकला. भरपूर लाइक्स दिलेत तुम्ही.

त्या फोटोत टीव्हीची मागची बाजू नव्हती.

टीव्हीसाठी चांगली एचडीएमआय केबल घेतली होती. ऐनवेळी वाटलं, ही माझ्या नव्या ब्लू-रे प्लेअरला होईल. आप्पांना कुस्तीच तर बघायची आहे, त्यांना काय फरक कळणार?

म्हणून सेटटॉप बॉक्स जोडला जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने. त्या वायरीतून एचडी येतच नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हटलं, तात्पुरतं आहे, पुढच्या खेपेला बदलू.

पुढच्या खेपेला विसरलो. त्याच्या पुढच्याही. गावी गेलो की टीव्ही चालू असायचा आणि मी मोबाइलमध्ये असायचो.

महिन्याभरातच आप्पांचा फोन आला होता. "आरं, टीव्हीत लय धुरकाट दिसतंय. खांदा कुठला आन् गादी कुठली, कळंना."

मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, आप्पा, टीव्ही फोर-के आहे, तुम्ही डोळे दाखवून घ्या.

ते दाखवून आले. डॉक्टरांनी सांगितलं, नजर चांगली आहे. हे मला सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला. आवाज खुशीत होता.

आणि मी म्हणालो, "मग डॉक्टर बदला."

रोज सकाळी पेपरातलं बारीक अक्षरसुद्धा वाचणाऱ्या माणसाला मी हे म्हणालो.

डॉक्टर त्यांनी बदलला नाही. आई सांगते, त्यानंतर ते त्या विषयावर एकदाच बोलले. पोरानं एवढा टीव्ही आणलाय, त्यात खोट कशी असंल. डॉक्टरापेक्षा त्यांचा माझ्यावर जास्त विश्वास होता.

स्कूटर घेऊन शिराळ्याला जायचं त्यांनी बंद केलं.

त्या वर्षीच्या जत्रेत शेवटून दुसरी कुस्ती. आप्पांनी शिट्टी वाजवली, चितपट. हरलेल्या बाजूने गोंधळ घातला आणि गर्दीतून एक जण ओरडला, "आप्पा, तुमास्नी दिसतंय का?"

एरवी आप्पांनी त्याला दंडाला धरून मैदानाबाहेर काढला असता. त्या दिवशी ते नुसते उभे राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या, तालमीच्या दिलावर वस्तादांच्या हातात शिट्टी दिली.

"माझं पोरगं बी त्येच म्हनतंय," म्हणाले.

कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या जत्रेला वस्ताद त्यांना तीनदा बोलवायला आले. आप्पा गेले नाहीत. घरात बसले, त्याच टीव्हीसमोर.

हे मला त्यांच्या तेराव्याला वस्तादांकडून कळलं. आप्पांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईने टीव्ही आतल्या खोलीत हलवायला सांगितला. मी मागे हात घातला. लाल, पांढरी, पिवळी.

शिराळ्यातून केबल आणली. पाच मिनिटांचं काम. कुस्तीचं चॅनल लावलं तर पैलवानाचे मोडलेले कान दिसत होते, गादीची शिलाई दिसत होती. आई बघत राहिली. म्हणाली, आमाला वाटलं, टीव्हीत असंच दिसत असतंय.

त्या जत्रेतल्या कुस्तीचा व्हिडिओ वस्तादांच्या मोबाइलवर होता. त्यांना बोलावून तो टीव्हीवर लावला. थांबवत, मागे घेत बघितला. दोन्ही खांदे मातीला लागलेत. त्यानंतर शिट्टी.

"आप्पा बरोबर हुता रं," एवढंच वस्ताद म्हणाले आणि चहा न घेता गेले. दारापर्यंत मागे जाऊन मीच त्यांना म्हणालो, कुणाला सांगू नका.

वर्षभर त्यांनी नाही सांगितलं. मीही नाही.

गेल्या आठवड्यात गावात पारावर एक जण म्हणाला, आप्पा माणूस सोन्यासारखा, पण शेवटी शेवटी दिसत नव्हतं बिचाऱ्याला.

मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची लाज वाटते म्हणून ही पोस्ट. व्हिडिओ खाली टाकलाय. मोठ्या स्क्रीनवर बघा. त्या दिवशी जो ओरडला, तो माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे. तूही बघ. पण तुझ्यावर मी काय रागवू? तू एकदाच विचारलंस. मी त्यांना पटवून दिलं होतं.

आप्पा, पाठ लागली होती. तुम्हाला बरोबर दिसलं होतं.

श्रद्धांजली बाकीच्यांनी वाहावी. माझी अजून तेवढी लायकी नाही.