वाळूऐवजी मोती

चीनमधली गोष्ट लिहिली की आपल्या घरातलं कुणी त्यात सापडणार नाही, असं मला खरंच वाटत होतं.

मी मुळात कमी बोलते. शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. घरच्या बैठकीत मी तोंड उघडलं की माझं मराठी पुस्तकी वाटतं, कुणीतरी हसतं, मग मी गप्प बसून ऐकत राहते. कॉलेजच्या होस्टेलवर मात्र मी जादूच्या शाळांच्या इंग्रजी कादंबऱ्या एकामागून एक वाचून काढल्या. मुलांसाठीच्याच होत्या त्या, पण मला फरक पडत नव्हता. त्यातही चिनी लोककथांवर बेतलेल्या सगळ्यात आवडायच्या. तिथला ड्रॅगन आग ओकत नाही, पाण्यात राहतो आणि पाऊस पाडतो. नऊ शेपट्यांची कोल्हीण बाईचं रूप घेऊन माणसांत वावरते. आणि नदीतल्या साध्या माशाने धबधब्यावरून उडी मारून वरचं दार ओलांडलं, की त्याचाच ड्रॅगन होतो. ही माशाची कल्पना माझ्या डोक्यातून जाईना. एवढी उडी मारायची तर ती शिकायला हवी. शिकायची तर शाळा हवी.

कॉलेज संपवून गेवराईला घरी आले, तेव्हा उन्हाळा होता. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या आणि कावळे हाकलायला मला आणि काकांच्या पाचवीतल्या मुलीला बसवलं जायचं. तिथे मी तिला ती शाळा सांगायला लागले. नदीच्या तळाशी भरते. बाकं नाहीत, सगळे वाळूवर बसतात आणि पंखांनी वाळूतच अक्षरं काढतात. रूप बदलण्याचा तास कोल्हीणबाई घेतात.

"त्यांना डबा असतो का, ताई?"

"माशांना कशाला डबा?"

"मग मधल्या सुट्टीत काय करतात?"

तिचं समाधान करताना शाळा वाढत गेली. एका दुपारी, आधी काही न ठरवता, मी वर्गाची जमीन खचवली. वरून एक लोखंडी जबडा येतो, वाळू भरून घेतो, जातो. तळ रोज खाली जातो, दार मात्र आहे तिथेच राहतं. त्यामुळे काल जी उडी पुरली असती, ती आज पुरत नाही. गोष्टीतली छोटी मासोळी कितीही शिकली तरी दार तिच्यापासून लांबच जातं.

चुलत बहीण कावळे हाकलायचं विसरून ऐकत होती. आमच्या घरावरून वाळूचे हायवा ट्रक जातात. त्यातले काही काकांचे आहेत, हे तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. गोष्ट चीनमधली होती.

तिनेच घरात सांगितलं की ताईला मस्त गोष्टी येतात. काका माजी सभापती. एका दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी त्यांच्याकडे पानभर जाहिरातीसाठी येतात. या वेळी काका त्यांना म्हणाले, "जाहिरात हायेच. पण यंदा आमच्या पुतणीची गोष्ट बी घ्या." मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी मनापासून लिहिली. मराठीत एवढं मोठं मी पहिल्यांदाच लिहीत होते. एकेक वाक्य मोठ्याने वाचून बघत होते, बहिणीला कळतंय ना याची खात्री करत होते.

मग एका सकाळी बैठकीत बोलावणं आलं. काका होते, संपादक होते, काकांचे एक मित्र होते.

"गोष्ट लई भारी हाय म्हणतेत," काका म्हणाले. "पण बाई, ह्याच्यात वाळू कावून आली?"

"नदीला तळ असतो ना, काका." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"ताई, गैरसमज नको," संपादक म्हणाले. "कल्पना उत्तमच आहे. पण समोरच्या पानावर दादांची जाहिरात, फोटोसकट येणार. लोक लगेच जोडतात हो."

"चीनमधी बी हायवा हाय व्हय, दादा?" मित्राने विचारलं आणि सगळे हसले. काकाही हसले. मला त्यांचा रागही धड येईना, कारण ते रागावलेच नव्हते.

"चीनचं ठेव," ते समजुतीने म्हणाले. "कोल्हीण ठेव. ड्रॅगन तर पायजेच. फकस्त वाळूच्या जागी मोती टाक. राक्षस येतो अन् मोती चोरून नेतो. मोती नेले तर कुणाला राग येत न्हाई."

"पण मग दार उंच होत नाही."

"कंचं दार?"

"वाळू गेली की तळ खाली जातो, म्हणून मासोळीची उडी..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन कानाला लावता लावता ते म्हणाले, "ते तू बघ गं. हुशार हायस तू."

मी एक अक्षर बदललं नाही. दुपारभर एक मेसेज लिहीत आणि खोडत बसले आणि शेवटी संपादकांना पाठवला. गोष्ट आहे तशी छापा, नाहीतर छापू नका, मला अजिबात वाईट वाटणार नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं. जोडलेले दोन हात, बाकी काही नाही. मी त्याचा अर्थ 'बरं' असा घेतला. कुणाला एवढं स्पष्ट मी कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दोन दिवस मी घरात जरा ताठच वावरले.

दिवाळीत अंक आला. काकांनी वाटायला प्रतींचे गठ्ठेच मागवले होते. डाव्या पानावर हात जोडलेले काका, उजव्या पानावर माझं नाव आणि खाली मोती. बहीण पालथी पडून वाचत होती. मध्येच थांबली, पान मागे उलटलं, परत वाचलं.

"ताई, मोती नेले तर दार उंच कसं झालं?"

"नाही होत."

"मग ती उडी का मारत नाही?"

 छापलेल्या गोष्टीत याचं उत्तर कुठेच नव्हतं. मोती गेल्यावर सगळे मासे रडत होते आणि त्या रडण्याला काहीच कारण उरलं नव्हतं. वाचणारे म्हणणार, इंग्रजी शाळेतली मुलगी, जमलं नाही तिला.

पाडव्याला बैठक माणसांनी भरलेली होती. मी चकल्यांची ताटली घेऊन गेले, तेव्हा काकांनी प्रत आणि पेन पुढे केलं. "पावण्यांना सही करून दे. लेखिका हायस आता."

मी ताटली खाली ठेवली. पेन घेतलं नाही. "मी सही नाही करणार, काका." या वेळी आवाज नीट निघाला. मला तो ऐकू आला.

काका कौतुकाने सगळ्यांकडे बघत म्हणाले, "लई लाजाळू हाय आमची पोर."

"शिकलेल्या पोरी अशाच असतेत," पाहुणे म्हणाले.

काकांनी स्वतःच पेनचं टोपण काढलं, माझ्या नावाखाली 'सप्रेम भेट' लिहिलं आणि झोकात सही केली.

"दादा, तुमी बी लिव्हता व्हय?" मित्राने विचारलं आणि बैठक हसली.

मी रिकामे कप उचलून आत गेले. लाजून गेले, असं सगळ्यांना वाटलं.