पंच कोण नेमणार?

गेल्या गुरुवारी इथे लंडनला, हॅरोच्या एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डावा डोळा कधीच गेलाय. राहिला हा एकच... हाही गेला तर चहाचा कपसुद्धा कुणीतरी हातात द्यायचा.

नर्सने फॉर्म आणला आणि बोट ठेवून म्हणाली, इथे सही. मी दुसरी पास. सही येते, इंग्रजी येत नाही. सुनेला म्हटलं, "मेधा, सगळं वाच. बारीक अक्षरातलं आधी."

मेधा म्हणजे अशी की ट्रेनमध्ये दुसऱ्याने हिच्या पायावर पाय दिला तरी हीच सॉरी म्हणणार. वाचता वाचता ती थांबली. ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर कोर्टात जायचं नाही, आर्बिट्रेटर सांगेल तेच शेवटचं... असं लिहिलं होतं.

"म्हणजे पंच की! पंचांना माझी ना नाही. आमच्या बांधाचं भांडण पंचांनीच मिटवलं. एक त्यांचा, एक आमचा, तिसरा दोघांनी मिळून. इथे कोण नेमणार?"

"क्लिनिकच, आई."

"मग सांग तिला, चूक यांची, पंचही यांचाच. मी तरी कशाला हवी? डोळा पोस्टाने पाठवते."

वाटलं, ही गुळमुळीत काहीतरी सांगेल. पण मेधाने शब्द न् शब्द सांगितला... पोस्टासकट! नर्स लालबुंद. सही नाही तर ऑपरेशन नाही, म्हणाली. मी कोट उचलला. भीती होतीच, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. क्लिनिक त्यांचंच. माझ्या शेजारी बसून त्यांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. "तुमचं बरोबर आहे. हे मी स्वतः कधी वाचलंच नव्हतं," म्हणाले, मेधाने सांगितलं मला. मग पेन काढून ती ओळ खोडली, बाजूला आपली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

एवढा शिकलेला माणूस, नर्ससमोर चूक कबूल करतो... अशाच्या हातात डोळा द्यायला भीती कसली?

फॉर्मची कॉपी मी मागून आणलीय. काल पट्टी निघाल्यावर आधी तीच पाहिली. त्यात काय लिहिलंय ते अजूनही वाचता येत नाही, पण खोडलेलं आहे हे लख्ख दिसतं... आणि मेधाने उगाच सॉरी म्हटलं की आता तोच कागद तिच्यापुढे धरते.