मी आत गेलो की रेघ हलते

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, गाव पार गोंदियाकडं. कुणी पायगुणाच्या असल्या गोष्टी सांगितल्या की मी तोंडावर हसायचो. आता हसत नाही... लाज वाटते.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री विभागाची झाडलोट माझ्याकडं आहे. मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, शब्द टाकला म्हणून ही नोकरी. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेली मशीन यंदा आली. पदार्थ तापत जाताना त्याचं वजन कसं घटतं ते दाखवणारी. आतला काटा इतका नाजूक की मिठाचा कणही तोलतो. तळमजल्यावरची शेवटची खोली, जाड दगडी ओटा, त्यावर ती बसवली. नारळ मॅडमनी मलाच फोडायला लावला.

मशीन बसवायला पुण्याहून आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरनं रिकामी वाटी ठेवून ती सुरू केली. स्क्रीनवर रेघ सरळ यायला हवी — ती थरथरायला लागली. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद... तरी तेच.

"आज जमलं नाही तर मशीन परत न्यावी लागेल, मॅडम."

मॅडमचा चेहरा बघवेना. मी चहा आणायला गेलो. परत आत पाऊल टाकलं, तर दाराकडं पाठ असलेला इंजिनिअर ओरडला, "आत्ता कोण आलं?"

मी नव्हतो तेवढा वेळ रेघ सरळ होती म्हणे.

"लई वजनदार माणूस हाय ह्यो! जमीन हलतीया," आमचे जुने लॅब असिस्टंट बब्रूमामा म्हणाले. सगळे हसले. मग मला बाहेर काढून सगळे आत पाय आपटत नाचले, मॅडमसुद्धा. रेघ सरळ. मला मोबाईल, चपला, अगदी करदोडा काढून नुसतं उंबऱ्यात उभं केलं. मी श्वास धरून ठेवला.

रेघ थरथरली.

आता कुणी हसलं नाही.

"ह्याला दुसऱ्या विभागात टाका," इंजिनिअर हळूच म्हणाला.

"माणूस इथंच राहील," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "तू फक्त ह्या खोलीत येऊ नकोस रे."

मशीन झकास चालू आहे. पोरं शिकतात, संशोधन करतात. असं का व्हावं, ते इंजिनिअरला सांगता आलं नाही, मॅडमना नाही. मी कुठून सांगणार?

रोज सकाळी मॅडम पदर खोचून ती खोली स्वतः झाडतात. कचरा सुपलीत भरून दारापर्यंत आणतात. मी उंबऱ्याबाहेर उभा असतो — हात पुढं, मान खाली.